आधी पट, मग पैसा : न्यू जर्सीतला छोटा स्कूल डिस्ट्रिक्ट कसा समजून घ्यावा

न्यू जर्सीत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शाळा कशी आहे? उत्तरही ठरलेलं असतं, घराच्या जाहिरातीखाली छापलेला दहापैकी आठ किंवा नऊ हा आकडा. शेकडो मुलं परीक्षा देतात अशा मोठ्या डिस्ट्रिक्टबद्दल, म्हणजे गावाच्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेबद्दल, त्या आकड्यातून थोडंफार कळतं. एका इयत्तेत चाळीस-पंचेचाळीसच मुलं असलेल्या गावाबद्दल त्यातून फारसं काही हाती लागत नाही. तिथे चार मुलं गाव सोडून गेली तरी निकालाची टक्केवारी हलते, आणि दोन कुटुंबं नव्याने आली तर अंदाजपत्रक हलतं.

म्हणून छोट्या डिस्ट्रिक्टची माहिती काढताना मी एक क्रम सुचवेन: आधी पट बघा, मग पैसा, मग सोयी. बहुतेक जण नेमका उलटा क्रम धरतात.

पायरी पहिली : पत्ता कोणत्या डिस्ट्रिक्टचा?

न्यू जर्सीत २१ काउंट्या आहेत आणि स्कूल डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास. काही डिस्ट्रिक्टमध्ये दहा-पंधरा शाळा असतात, काहींमध्ये एकच. टाउनशिपचा कारभार वेगळा आणि शाळेचा वेगळा. शाळेचं मंडळ स्वतंत्रपणे निवडून येतं, त्याचे सदस्य बिनपगारी असतात आणि मुदत तीन वर्षांची असते. रोजचा कारभार सुपरिंटेंडंट बघतो, पैशाचा हिशोब बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरकडे असतो. या दुसऱ्या पदाचं नाव लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच काम पडणार आहे.

टपालाच्या पत्त्यावर मात्र विसंबू नका. ‘प्रिन्स्टन’ असा टपाल पत्ता असलेली कितीतरी घरं प्लेन्सबोरो किंवा साउथ ब्रन्सविक टाउनशिपमध्ये मोडतात आणि त्यांची मुलं प्रिन्स्टनच्या शाळेत जात नाहीत. घर कोणत्या नगरपालिकेत आहे हे प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर स्पष्ट लिहिलेलं असतं. भाड्याने राहणार असाल तर घरमालकाला किंवा टाउनशिपच्या कार्यालयात विचारा. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात घरक्रमांक सांगूनही खात्री करता येते. एजंटचं ‘हो हो, तोच डिस्ट्रिक्ट’ पुरेसं नाही.

दुसरा प्रश्न: डिस्ट्रिक्ट कितवीपर्यंतचा आहे? छोट्या गावांत हे फार महत्त्वाचं. मिडलसेक्स काउंटीतलं क्रॅनबरी घ्या. तिथे डिस्ट्रिक्टची एकच शाळा, आठवीपर्यंतची. नववीपासून मुलं प्रिन्स्टन हायस्कूलमध्ये जातात आणि त्यांची फी क्रॅनबरीचा डिस्ट्रिक्ट प्रिन्स्टनला भरतो. पालकांना वेगळं काही भरावं लागत नाही. एक डिस्ट्रिक्ट मुलं पाठवतो, दुसरा घेतो, असे करार राज्यात अनेक ठिकाणी आहेत. अशा गावात घर घेताना खरं तर दोन डिस्ट्रिक्ट तपासायचे असतात. त्यातला दुसरा तुमच्या करातून पैसे घेतो, पण त्याच्या मंडळाच्या निवडणुकीत तुमच्या गावाला मत नसतं. पाठवलेली मुलं पुरेशी असली तर पाठवणाऱ्या गावाचा एक प्रतिनिधी तिथे बसतो, आणि तोही ठराविक विषयांवरच मत देऊ शकतो.

पायरी दुसरी : पट

ज्यांच्या घरात जिल्हा परिषदेचे गुरुजी किंवा बाई आहेत, त्यांना संचमान्यता ठाऊक असेल. ३० सप्टेंबरचा पट मोजायचा आणि त्यावर शिक्षकांची पदं ठरायची. न्यू जर्सीत तोच मान १५ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी, किंवा सुट्टी असल्यास त्याआधीच्या शेवटच्या शालेय दिवशी, हजेरीपटावर किती नावं आहेत, याचा अहवाल प्रत्येक डिस्ट्रिक्ट राज्याला देतो आणि पुढच्या वर्षीचं अनुदान त्या मोजणीवर उभं राहतं. जानेवारीत आलेलं मूल वर्गात बसतं, पुस्तकं घेतं, बसने येतं, पण अनुदानाच्या हिशोबात पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दिसत नाही. चार हजार मुलांच्या डिस्ट्रिक्टला याने फरक पडत नाही. चारशेच्या डिस्ट्रिक्टला पडतो.

राज्याच्या शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर दरवर्षीची पटसंख्या इयत्तावार मिळते. एकाच वर्षाचा आकडा घेऊन थांबू नका, मागची सात-आठ वर्षं एकाखाली एक लिहून काढा. मग तिरकं वाचा: या वर्षीच्या पहिलीत किती, ती मुलं पुढच्या वर्षी दुसरीत गेली तेव्हा किती. आकडा वर्षागणिक वाढत असेल तर शाळा सुरू झाल्यानंतरच्या वयाची मुलं असलेली कुटुंबं गावात येत आहेत. आपली मंडळी बहुधा याच गटात मोडतात, मूल के. जी. संपवतं तेव्हा घर घेतलं जातं. बालवर्गात ३० आणि आठवीत ५५ असं चित्र असेल तर डिस्ट्रिक्ट आतून आकसतो आहे, एकूण पट आज कितीही ठीक दिसो.

यानंतर वर्गाच्या तुकड्यांचं गणित. समजा, एका इयत्तेत ४४ मुलं आहेत. बावीसच्या दोन तुकड्या, सगळं छान. सहा मुलं वाढली की ५० होतात. मग पंचवीसच्या दोन तुकड्या चालवायच्या की एक शिक्षक वाढवून सतरा-सतराच्या तीन करायच्या? तो शिक्षक पगार आणि आरोग्यविम्यासकट डिस्ट्रिक्टला सहज लाख डॉलरच्या घरात जातो. ‘विद्यार्थी-शिक्षक प्रमाण दहाला एक’ असं कुठे वाचलंत तर त्यावरून वर्गात दहा मुलं असतील असं समजू नका. त्या प्रमाणात संगीत, व्यायाम, विशेष शिक्षण, वाचन-साहाय्य असे सगळे शिक्षक धरलेले असतात. विचारायचा प्रश्न असा: माझ्या मुलाच्या इयत्तेत तुकड्या किती, प्रत्येकीत मुलं किती आणि किती झाल्यावर नवी तुकडी काढता?

पटाचे प्रकारही दोन. एक इमारतीतला, म्हणजे शाळेत रोज येणारी मुलं. दुसरा डिस्ट्रिक्टच्या नावावरचा. त्यात दुसऱ्या गावच्या हायस्कूलमध्ये पाठवलेली, चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) गेलेली आणि विशेष गरजांसाठी बाहेरच्या संस्थेत ठेवलेली मुलंही येतात. पैसा या दुसऱ्या पटाचा लागतो. पालक मात्र पहिला पट बघून ‘एवढ्याशा शाळेला एवढे पैसे कशाला?’ असं विचारतात.

पायरी तिसरी : पैसा कुठून येतो

मुख्य झरा प्रॉपर्टी टॅक्सचा, म्हणजे आपल्या भाषेत घरपट्टीचा. न्यू जर्सीत ती देशात सर्वांत जड. २०२४ मध्ये राज्याची सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली, आणि त्यातला साधारण निम्मा भाग शाळेला जातो. बिलावर काउंटी, नगरपालिका आणि शाळा यांचे हिस्से वेगळे दाखवलेले असतात. भाडेकरूला हे बिल येत नाही, पण घरमालक ते भाड्यातून वसूल करतोच. तेव्हा ‘आम्ही तर भाड्याने राहतो’ म्हणून संकोचून गप्प बसायचं काही कारण नाही.

दुसरा झरा राज्याच्या अनुदानाचा. याला लांबलचक इतिहास आहे. श्रीमंत गावांच्या शाळा श्रीमंत आणि गरीब गावांच्या गरीब, हे चालणार नाही असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात सांगितलं. त्या दबावाखाली १९७६ मध्ये राज्याचा आयकर आला. पुढे अ‍ॅबट विरुद्ध बर्क हा खटला कित्येक वर्षं चालला आणि ३१ गरीब डिस्ट्रिक्टना विशेष निधी मिळू लागला. आजचं सूत्र २००८ च्या कायद्याचं आहे.

सूत्र कागदावर सोपं आहे. राज्य आधी ठरवतं की तुमच्या मुलांना नीट शिकवायला किती पैसे लागायला हवेत. हायस्कूलच्या मुलाला प्राथमिकपेक्षा जास्त धरतात. गरीब घरच्या मुलामागे जवळजवळ निम्मी भर घालतात, इंग्रजी शिकणाऱ्या मुलामागेही तशीच. मग गावातल्या मालमत्तेची किंमत आणि लोकांचं उत्पन्न बघून गाव स्वतः किती भरू शकेल ते ठरवतात. दोन्हींतला फरक राज्य देतं. गाव सधन असेल तर फरक शून्य निघतो आणि हे मुख्य अनुदान मिळतच नाही. विशेष शिक्षण, सुरक्षा, वाहतूक यांसाठीची छोटी अनुदानं तेवढी येतात. न्यू जर्सी टर्नपाइक या महामार्गाच्या ८-ए एक्झिटजवळच्या गावांत मोठमोठी गोदामं दिसतात. ती कर भरतात आणि शाळेत मूल पाठवत नाहीत, म्हणून गावाच्या तिजोरीला लाभतात. त्याच गोदामांमुळे राज्याच्या नजरेत गाव सधन ठरतं, हेही खरं.

एक गोष्ट सधन गावंही सोयीने विसरतात. शिक्षकांच्या पेन्शनमधला नोकरी देणाऱ्याचा हिस्सा न्यू जर्सीत राज्य थेट भरतं. तो शाळेच्या अंदाजपत्रकाच्या मथळ्यात दिसत नाही, पण रक्कम मोठी असते. ‘आम्हाला राज्याकडून काही मिळत नाही’ हे वाक्य गावाच्या बैठकीत ऐकलंत तर हे आठवा.

राज्याचं अनुदान स्थिर मात्र नाही. २०१८ च्या कायद्याने काही डिस्ट्रिक्टचं जुनं जादा अनुदान सात वर्षांत काढून घेतलं. ज्यांचा पट घसरला होता त्यांना हा फटका जोरात बसला, आणि त्यांत छोटे, ग्रामीण डिस्ट्रिक्ट बरेच होते. नंतर वार्षिक चढउतारांवर ओरड झाल्यावर २०२५-२६ साठी राज्याने घट ३ टक्क्यांवर आणि वाढ ६ टक्क्यांवर रोखून धरली. म्हणून एका वर्षाच्या अनुदानावरून डिस्ट्रिक्टच्या तब्येतीचा निष्कर्ष काढू नका.

केंद्राचा पैसा छोट्या सधन डिस्ट्रिक्टमध्ये अगदी थोडा असतो. गरीब मुलांसाठीचा टायटल वन आणि विशेष शिक्षणाचा निधी ही त्यातली मुख्य नावं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या टायटल थ्रीत दहा हजार डॉलरपेक्षा कमी वाटा आला तर तो स्वतंत्रपणे मिळत नाही, शेजारच्या डिस्ट्रिक्टशी गट करावा लागतो. कोविडच्या काळात २०२० आणि २०२१ मध्ये तीन हप्त्यांत जो मोठा केंद्रीय निधी आला, त्यातला शेवटचा हप्ता वापरायची मुदत सप्टेंबर २०२४ ला संपत होती. त्यातून ज्यांनी कायमची पदं भरली त्यांना पुढे ती पेलणं अवघड गेलं. एखादं वाचन-साहाय्यकाचं किंवा समुपदेशकाचं पद अचानक रद्द झालं असेल, तर आधी त्या पदाचा पगार कोणत्या पैशातून होत होता ते विचारा.

दोन टक्क्यांची भिंत

२०१० च्या कायद्यापासून डिस्ट्रिक्टला करातून गोळा करायची एकूण रक्कम वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. आरोग्यविम्याचा वाढता खर्च, वाढलेला पट अशा काही गोष्टींसाठी सवलत आहे. शिवाय एखाद्या वर्षी मर्यादेपेक्षा कमी वाढ केली असेल तर उरलेली मुभा पुढची तीन वर्षं वापरता येते. याहून जास्त हवं असेल तर मतदारांकडे जावं लागतं.

समजा, ४०० मुलांचा डिस्ट्रिक्ट आहे आणि कराची रक्कम ८० लाख डॉलर. दोन टक्के म्हणजे १ लाख ६० हजार. शिक्षकांची करारातली पगारवाढ बहुधा तीन टक्क्यांच्या आसपास असते, विमा त्याहून वेगाने वाढतो. म्हणजे नवीन काहीही न करता भिंतीला डोकं लागलेलं असतं. अशात एखाद्या मुलाला विशेष गरजांसाठी बाहेरच्या शाळेत पाठवावं लागलं, तर फी आणि रोजची व्हॅन धरून लाख डॉलर सहज लागू शकतात. वर्षभराची बरीचशी वाढ एका निर्णयात संपते. फार महागड्या प्रकरणांत ठराविक रकमेवरच्या खर्चासाठी राज्य मदत देतं, पण ती उशिरा येते आणि पूर्ण येत नाही. मूळ सूत्रात विशेष शिक्षणाचा बराचसा निधी राज्याच्या सरासरीवर ठरत होता, तुमच्याकडे प्रत्यक्षात किती मुलं आहेत त्यावर नाही. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये सरासरी खरी ठरते. छोट्यात प्रत्यक्ष मुलं आणि खर्च कधी सुदैवाने सरासरीपेक्षा कमी निघतात, कधी दुर्दैवाने जास्त.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गावात कुजबुज होते, ‘त्या एका मुलामुळे संगीताचा तास गेला.’ हे बोलणं चुकीचं आहे आणि क्रूरही. त्या मुलाचा हक्क १९७५ पासून केंद्रीय कायद्यात आहे. तास गेला असेल तर तो सूत्रामुळे आणि दोन टक्क्यांमुळे गेला. आपल्या मुलाच्या वर्गमित्राकडे बोट दाखवणाऱ्या गप्पांत सामील होऊ नका.

दोन टक्क्यांची मर्यादा एकूण रकमेला आहे, तुमच्या बिलाला नाही. गावात फेरमूल्यांकन झालं आणि तुमचं घर इतरांपेक्षा जास्त वधारलं, तर तुमचं बिल दहा टक्क्यांनीही वाढू शकतं. त्याचा दोष शाळेला देऊ नये.

पायरी चौथी : अंदाजपत्रक वाचणं

जाडजूड अंदाजपत्रकाच्या नादी लागायची गरज नाही. प्रत्येक डिस्ट्रिक्टला ‘यूझर फ्रेंडली बजेट’ नावाचा संक्षेप संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात पट, उत्पन्न, खर्च, शिल्लक आणि सुपरिंटेंडंटचा करार एवढं मिळतं. मी त्यात सर्वांत आधी शिल्लक बघतो. कायद्यानुसार साठवता येणारी मोकळी शिल्लक साधारण अंदाजपत्रकाच्या २ टक्के किंवा अडीच लाख डॉलर, यांतली जी मोठी ती. याशिवाय बांधकाम, देखभाल अशा नावांनी राखीव निधी असतात. दरवर्षी अंदाजपत्रक जुळवायला शिल्लक वापरली जात असेल आणि राखीव निधी आटत चालले असतील, तर दोन-तीन वर्षांत पदं कमी होणार हे ओळखायला अर्थतज्ज्ञ असावं लागत नाही.

हायस्कूलची मुलं बाहेर पाठवणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये फीच्या ओळीवर बोट ठेवा. ही फी आधी अंदाजाने ठरते. मुलं घेणाऱ्या शाळेचा खरा खर्च लेखापरीक्षणात निश्चित झाला की फरक नंतरच्या वर्षांत वळता होतो. त्यामुळे गावात काहीच बदललं नसताना ही ओळ एकदम फुगते किंवा आकसते. आठवीचा मोठा वर्ग हायस्कूलला गेला की तीच ओळ आणखी वाढते, आणि ते तुम्हाला इयत्तावार पटावरून दोन वर्षं आधी कळू शकतं.

‘प्रत्येक मुलामागे खर्च’ हा आकडा सगळ्यात जास्त फेकला जातो. राज्य त्याची दरवर्षी तुलनात्मक पुस्तिका काढतं. त्यात डिस्ट्रिक्ट इयत्ता आणि पटाप्रमाणे गटांत विभागलेले असतात. तुलना फक्त आपल्या गटाशी करा. एक सुपरिंटेंडंट, एक परिचारिका, एक बॉयलर यांचा खर्च चारशे मुलांवर वाटला तर प्रत्येकामागे जास्त येणारच. एकच सुपरिंटेंडंट दोन डिस्ट्रिक्टनी वाटून घेतला असेल तर त्याची अपकीर्ती मानू नका, बऱ्याचदा ती शहाणी काटकसर असते. शिवाय या पुस्तिकेत मुलामागचा खर्च दोन प्रकारे मांडलेला असतो. एकात वाहतूक, बाहेरची फी, कर्जफेड धरत नाहीत, दुसऱ्यात धरतात. गावच्या वादात दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा वापरतात.

वेळापत्रक असं: राज्यपालांचं अंदाजपत्रकाचं भाषण साधारण फेब्रुवारीच्या अखेरीस होतं आणि लगोलग अनुदानाचे आकडे जाहीर होतात. मार्चमध्ये मंडळ प्राथमिक अंदाजपत्रक मंजूर करतं. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या सुरुवातीपर्यंत जाहीर सुनावणी होते. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. काही बदलायचं असेल तर मार्चच्या बैठकीला जा. मेमध्ये सगळं ठरून गेलेलं असतं.

पायरी पाचवी : मुलाचं नाव घालणं

या भागात घाबरण्यासारखं काही नाही, कागद हाताशी ठेवले की झालं. शाळेचा हक्क राहत्या पत्त्यावर मिळतो. भाडेकरार, विजेचं बिल, बँकेचं पत्र असे पुरावे चालतात. नातेवाइकांकडे राहत असाल तर त्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र असतं. मुलाचा इमिग्रेशनचा दर्जा शाळेने विचारायचा नसतो. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या निकालापासून हे देशभर ठरलेलं आहे. एच-४ वर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकाच्या मागोमाग मिळणाऱ्या व्हिसावर, आलेल्या मुलाला काहीच अडचण नाही. मुलाचा स्वतःचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा असेल तर नियम वेगळे आहेत. शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका जरूर न्या, पण त्या नाहीत म्हणून प्रवेश अडवता येत नाही.

खरी धावपळ लसींची होते. भारतातल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस असते, गालगुंडाची नसते, आणि कांजिण्यांचीही नसते. इथे दोन्ही लागतात. खासगी डॉक्टरकडे दिली असेल तर त्याची नोंद तारखांसह इंग्रजीत आणा. सहावीच्या सुमाराला टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंजायटिसची लस लागते. भारतातून थेट आलेल्या मुलाला क्षयरोगाची चाचणी सांगितली जाऊ शकते. लहानपणी घेतलेल्या बीसीजी लसीमुळे हातावरची त्वचाचाचणी उगाच सकारात्मक येऊ शकते. त्याऐवजी रक्ताची चाचणी करा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. परदेशातून आलेल्या मुलाला लसी पूर्ण करायला साधारण महिन्याभराची सवलत मिळते.

अर्जासोबत घरी कोणती भाषा बोलता याचा तक्ता येतो. तिथे मराठी लिहायला पालक कचरतात, मूल इंग्रजीच्या जादा वर्गात अडकेल म्हणून. खरं तेच लिहा. त्यानंतर मुलाची चाचणी होते आणि चांगलं इंग्रजी येणारं मूल त्यातून सुटतं. गरज निघाली तर ती मदत मोलाची असते, आणि नको असेल तर पालक ती नाकारूही शकतात.

पायरी सहावी : सोयी

छोट्या शाळेत सगळं असेलच असं नाही, पण जे नाही ते कुठून तरी मिळवून द्यायची जबाबदारी डिस्ट्रिक्टची असते. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनच दिवस येत असेल, इंग्रजीचा शिक्षक शेजारच्या डिस्ट्रिक्टशी वाटून घेतलेला असेल, हे चालतं. दहा किंवा जास्त मुलं इंग्रजी शिकणारी असली की रीतसर ईएसएल (दुसरी भाषा म्हणून इंग्रजी) वर्ग लागतो, त्याहून कमी असली तरी मदत द्यावीच लागते.

मूल अभ्यासात अडखळत असेल तर शिक्षकांशी तोंडी बोलून थांबू नका. चाइल्ड स्टडी टीमकडे, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या तज्ज्ञांकडे, लेखी अर्ज करा. अर्ज पोचल्यापासून २० दिवसांत बैठक घ्यावी लागते. पालकांनी तपासणीला संमती दिल्यापासून ९० दिवसांत तपासणी पूर्ण करून, मूल पात्र ठरलं तर त्याचा आयईपी, म्हणजे त्याच्यापुरता खास शिक्षण-आराखडा, सुरू करावा लागतो. तोंडी विनंतीवर ही घड्याळं सुरू होत नाहीत. आपल्याकडे ‘मुलावर शिक्का बसेल’ म्हणून पालक वर्ष वर्ष थांबतात. त्यात मुलाचं नुकसान होतं आणि डिस्ट्रिक्टचे पैसे तेवढे वाचतात. या बैठकांसाठी दुभाषा मागता येतो, मराठीचासुद्धा. मुलाला शाळेत सोडणं-आणणं आजीकडे असेल तर हे तिच्याही उपयोगाचं.

बसचा हक्क आठवीपर्यंत दोन मैलांपेक्षा आणि हायस्कूलला अडीच मैलांपेक्षा लांब राहणाऱ्यांना. त्याहून जवळच्यांना मिळते ती मेहेरबानी, आणि पैशाची ओढ लागली की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. घर घेताना ही बस आहे हे गृहीत धरू नका. शाळेतल्या मोफत जेवणाची उत्पन्नमर्यादा राज्याने २०२४-२५ पासून दारिद्र्यरेषेच्या २२४ टक्क्यांपर्यंत नेली आहे. एकाच पगारावर आलेल्या मोठ्या कुटुंबांनी अर्ज भरून बघावा. त्याने डिस्ट्रिक्टचाही फायदा होतो, कारण सूत्रातली गरीब मुलांची मोजणी अशाच अर्जांवर चालते.

गणितात पुढे असलेल्या मुलांच्या पालकांनी विचारायचा प्रश्न: आठवीत अल्जेब्रा वन कोणाला मिळतं आणि निवड कशी होते? हुशार मुलांसाठीचा कार्यक्रम काय आहे हे संकेतस्थळावर द्यायचं बंधन २०२० च्या कायद्याने आहे. काउंटीच्या व्होकेशनल (व्यवसाय-शिक्षणाच्या) शाळांमधल्या विज्ञान-अभियांत्रिकीच्या अकादम्यांकडेही लक्ष ठेवा. छोट्या गावातल्या मुलालाही तिथे अर्ज करता येतो, आणि निवड झाली तर फी आणि वाहतूक गावचा डिस्ट्रिक्ट सांभाळतो.

राज्याच्या वार्षिक शाळा-अहवालात छोट्या गटांच्या जागी चांदणी दिसेल. दहापेक्षा कमी मुलं असली की ओळख पटू नये म्हणून निकाल झाकतात. त्यात लपवाछपवी नाही. त्याच अहवालात ‘क्रॉनिक अ‍ॅब्सेंटीइझम’ ही ओळ असते, वर्षातल्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर मुलांची. १८० दिवसांच्या वर्षात ते १८ दिवस झाले. डिसेंबरच्या सुट्टीला जोडून तीन-चार आठवडे पुण्याला गेलात तर तुमचं मूल त्यात जाऊन बसू शकतं, आणि पंचेचाळीस मुलांच्या इयत्तेत अशी चार कुटुंबं असली की शाळेचा आकडा वाईट दिसतो. फार लांबल्यास काही डिस्ट्रिक्ट नाव पटावरून काढतात आणि परतल्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते. ऑक्टोबरमध्ये दिवाळीला जात असाल तर १५ तारखेला नाव पटावर आहे ना, एवढं ऑफिसात विचारून जा.

पायरी सातवी : बैठकीला जाणं

मंडळाच्या निवडणुकीत मत द्यायला नागरिकत्व लागतं, पण बोलायला लागत नाही. प्रत्येक जाहीर बैठकीत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवणं कायद्याने आवश्यक आहे. साधारण तीन मिनिटं मिळतात. मंडळ तिथल्या तिथे उत्तर देईलच असं नाही. म्हणून आकड्यांचा प्रश्न असेल तर आठवडाभर आधी बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला ईमेल करा. छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये हे लोक बहुधा स्वतःच उत्तर देतात, कधी फोनही करतात. टाळाटाळ झाली तर सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराखाली, अर्ज करता येतो. त्याला ‘ओप्रा’ म्हणतात. साधारण सात कामकाजी दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अंदाजपत्रक, बिलं आणि करार तर सर्वसाधारणपणे मागितल्याबरोबर मिळायला हवेत.

अर्जात ‘सगळी आर्थिक माहिती द्या’ असं लिहू नका. ‘मागच्या पाच वर्षांची तुकडीवार पटसंख्या’ किंवा ‘बाहेरच्या शाळांना दिलेली फी, वर्षवार, मुलांची नावं वगळून’ असं नेमकं मागा.